आमची वाटचाल : कंपाल्यातली वेफर्सची कढई

रावेर तालुक्यातला पोरगा युगांडात जाऊन पुन्हा केळीतच पडला, म्हणून गावाकडे अजून चेष्टा होते. सावदा-फैजपूर रस्त्याला मामांची वेफर्सची कढई होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत चिकाने हात काळे करून घ्यायची सवय तिथलीच. कंपाल्यात आलो तो मात्र एका घाऊक किराणा पेढीवर हिशेब लिहायला. दुपारच्या जेवणात रोज मटोके असायचं: कच्चं केळं सोलून, केळीच्याच पानात बांधून वाफवलेलं, त्यावर शेंगदाण्याची दाट आमटी. पेढीवरच्या पोरांना भात वाढला तरी नंतर मटोके हवंच. ज्या गावात कच्च्या केळ्याला असं गिऱ्हाईक आहे, तिथे वेफर्स खपणार नाहीत तर काय, असं मनात आलं आणि 2010 च्या सुमारास धाकट्या भावाला बोलावून घेऊन भाड्याच्या शेडमध्ये भट्टी पेटवली.

आपल्याकडे केळी म्हटलं की डोळ्यांसमोर ग्रँड नैन. इथे चार घड शेजारी ठेवले तर चार वेगळे धंदे. मटोके शिजवायचं, बोगोया पिकवून खायचं, न्दीझी म्हणजे आपल्या वेलचीसारखं इवलंसं गोड, आणि गोंजा भाजायचं किंवा तळायचं. जिंजा रस्त्यावर नामावोज्जोलोला बस थांबली की कोंबडीच्या काड्यांबरोबर भाजलेला गोंजा खिडकीतून आत येतो. गोंज्यात पाण्याचा अंश कमी. चकती कुरकुरीत होते, तेल कमी पिते. आमचा मुख्य माल तोच. मटोकेचे वेफर्सही काढतो, पण त्याला कढईजवळ जुना हात लागतो.

हिशेबाचा माणूस असल्यामुळे धंद्यात पडण्याआधी देशाचे आकडे बघितले. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात मटोके ‘प्लँटेन आणि शिजवण्याची केळी’ या रकान्यात मोजतात आणि तिथे युगांडा कायम वरच्या देशांत असतो. उत्पादन वर्षाला नव्वद लाख टनांच्या वर दाखवलेलं. म्हटलं, मालाची ददात नाही. मग 2008-09 ची कृषी गणना प्रसिद्ध झाली आणि त्यात सगळी केळी मिळून सुमारे 43 लाख टन! देशाची निम्मी केळी कागदावरून गेली. बाजारात मात्र ट्रक तेवढेच उतरत होते. बायका तेवढंच सोलत होत्या.

घटलं होतं ते पीक नव्हतं, अंदाज घटला होता. मटोकेची बाग बाराही महिने थोडी थोडी कापली जाते, मध्ये कॉफी आणि घेवडा असतो, घरी किती खाल्लं याची नोंद कोण ठेवणार? पुढच्या पाहण्यांत आकडा परत चढला. त्या चढीवरही माझा फार भरवसा नाही. लोकसंख्येचा आकडा मला जास्त कामाचा वाटतो: 2002 मध्ये 2.42 कोटी, 2014 मध्ये 3.46 कोटी, 2024 मध्ये 4.59 कोटी. एवढ्या पोटांना मटोके पुरवणं सोपं नाही. शाळांच्या खानावळीत पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घरात कसावा आणि भात, हे सगळं ताटात सरकत आलंय. मटोके शहरात हळूहळू जरा महागाचं जेवण झालं.

आमच्या खरेदीवर सगळ्यात मोठा परिणाम केला तो वेगळ्याच गोष्टीने. केळीच पश्चिमेला सरकली. एके काळी कंपाल्याचं पोट आजूबाजूच्या बुगांडा प्रदेशातून, मसाकाकडून भरायचं. 1970 नंतर तिथल्या बागा थकत गेल्या: जमिनीचा कस उतरला, सोंड्या भुंगा आणि सूत्रकृमी वाढले, करपा आला. पीक म्बारारा, इसिंगिरो, बुशेन्यीच्या टेकड्यांवर गेलं. त्या कृषी गणनेतही दोन तृतीयांश केळी पश्चिम विभागातली निघाली. म्बारारा कंपाल्यापासून 270 किलोमीटरच्या आसपास, विषुववृत्त ओलांडून. म्हणजे घडाच्या किमतीत डिझेल आलं, वाटेतला मार आला, दोन दलाल आले.

आणि घड विकायचा तो नजरेने! लहान, मध्यम, मोठा. रावेरला क्विंटलचा भाव ऐकत वाढलेल्या माणसाला हे पचेना. आम्हाला उतारा किलोवर लागतो. आम्ही शेडच्या दारात काटा टांगला तेव्हा दलाल हसले, दोघांनी येणंच सोडलं. मसाका रस्त्यावरून माल आणणारी एक न्याबो (बाईमाणसाला इथे आदराने असं म्हणतात) मात्र टिकली, कारण तिचे घड दिसायला बारीक पण वजनदार असायचे. तिच्यामुळे बाकीचे परत आले.

रोगाने मात्र सगळ्यांना वाकवलं. केळीचा जिवाणूजन्य मर रोग 2001 मध्ये मुकोनो जिल्ह्यात दिसला आणि तिथून पसरला. पानं पिवळी पडतात, केळफूल सुकतं, फळ अवेळी पिकतं आणि आतून तपकिरी निघतं. बाहेरून निरोगी दिसणारा घड चिरला की चकतीवर डाग, सगळा घड वाया. औषध नाही. दुबेळक्याच्या काठीने केळफूल मोडायचं म्हणजे कीटक रोग नेत नाहीत, कोयता विस्तवावर धरायचा, बाधित झाड काढून टाकायचं. आमच्याकडे हरण्या रोगात झाड उपटतात, तसंच. काठी का, कोयता का नाही, हे पुरवठादार शेतकऱ्यांना समजावताना माझ्या मोडक्यातोडक्या लुगांडा भाषेला ते खूप हसले, पण काठ्या कापल्या. आता आम्ही ज्यांच्या बागेत केळफूल मोडलेलं दिसतं, त्यांनाच आगाऊ पैसे देतो.

सालींचा प्रश्न मात्र इथे कधीच पडला नाही. संध्याकाळी गाई-बकऱ्या पाळणारे पोती घेऊन दारात हजर असतात. सावद्याला मामा सालींच्या ढिगावरून नगरपालिकेशी भांडायचे.

नाताळच्या आधी मटोकेचा भाव चढतो, तेव्हा ती भट्टी बंद ठेवून फक्त गोंजा तळतो. सणाला घरोघरी लागणारं केळं कढईत घालणं परवडत नाही आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत नाही. इथल्या कृषी संशोधन संस्थेने 2010 मध्ये काढलेला किवांगाझी हा संकरित मटोके काही शेतकरी लावतात. घड मोठा येतो, करप्याला दाद देत नाही. जेवणात जुन्या चवीची सर नाही असं म्हाताऱ्या बायका तोंडावर सांगतात. तळल्यावर ती तक्रार किती उरते, हे बघायला इसिंगिरोच्या एका शेतकऱ्याकडून त्याचे घड मागवलेत. पुढच्या आठवड्यात पहिला घाणा काढायचाय.