सांगलीच्या घारी ते येलहंकाचा सुखोई : साध्या किट लेन्सनं एअर शो

सांगलीकराला विमान म्हटलं की कवलापूर आठवतं. जागा आहे, विमानतळ होणार होणार म्हणून वर्षानुवर्षं निवेदनं आणि आंदोलनं चालू आहेत, फक्त विमान तेवढं येत नाही. त्यामुळं विमानाचे फोटो काढायचा नाद लागला तर आपणच उठून जायचं, आणि आपल्याकडनं जायला सगळ्यात सोयीचं म्हणजे बेंगळुरूचं एअरो इंडिया, विमानांचं मोठं प्रदर्शन आणि एअर शो. मिरजेत दुपारी राणी चन्नम्माला बसायचं, सकाळी बेंगळुरात उतरायचं. १९९६ पासून साधारण दर दोन वर्षांनी येलहंकाच्या एअरफोर्स स्टेशनवर हे भरतं. २०२५ चं १० ते १४ फेब्रुवारीला होतं, त्यातला शेवटचा शुक्रवार आम्ही धरला.

आम्ही म्हणजे मी आणि दाजी. दाजी तासगावचे, द्राक्षबागायतदार, आणि फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणीचा टाईम, तरी बाग भावाच्या गळ्यात घालून आले. त्यांचं म्हणणं एकच, "पावणं, राफेल टीव्हीवर लई बघितलं, एकदा कानानं ऐकायचंय." कानानं ऐकायचंय हे किती बरोबर बोलले ते तिथं गेल्यावर कळलं.

माझ्याकडं कॅनन १५००डी कॅमेरा आहे, डबल किटवाला, म्हणजे सोबत दोन साध्या लेन्स मिळतात तो, १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर. एअर शोला लोक हाताएवढ्या लांब लेन्स घेऊन येतात हे माहीत होतं. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळं चित्र जवळ आल्यासारखं दिसतं, तो क्रॉप धरला तर २५० ची पोच ४०० सारखी होते, म्हणजे अगदीच काही रडायची वेळ नाही. खरी अडचण वेगळी आहे. हा कॅमेरा सेकंदाला ३ च फोटो काढतो, फोकसचे पॉइंट ९ आणि त्यातला मधला एकच काय तो भरवशाचा, आणि रॉमध्ये, म्हणजे मोठ्या कच्च्या फाईलमध्ये, बटण दाबून धरलं की दहाएक फोटोंत बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि कॅमेरा गप्प बसतो. म्हणून मी सरळ लहान फाईलचं जेपेग ठेवलं, मधला पॉइंट, हलत्या वस्तूवर फोकस धरून ठेवणारा एआय सर्वो, आणि फोकस मागच्या बटणावर घेतला. बाकी सगळं हातावर.

आणि हात तयार केला तो घारींवर. मटण मार्केटच्या मागं सकाळी घारी घिरट्या घालतात, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की आयर्विन पुलाच्या बाजूनं एखादी सरळ अंगावर येते. घार हळू उडते असं वाटतं, पण व्ह्यूफाईंडरमध्ये धरून बघा, झटकन वळते आणि फ्रेमच्या बाहेर. तिला मधल्या पॉइंटवर तीनचार सेकंद धरून ठेवता यायला लागलं की विमान सोपं जातं, कारण विमान निदान सांगितल्या रस्त्यानं जातं. पॅनिंग, म्हणजे पळत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवणं, शिकलो ते विश्रामबागच्या रोडवर, येणाऱ्या जाणाऱ्या मोटारसायकलींवर. लोक विचारायचे, आरटीओचं हाय काय?

आता गंमत बघा. या घारींपायीच येलहंकात आमच्या दाजींचा उपवास घडला. त्या वर्षी एअरो इंडियाच्या आधीपासून बेंगळुरू महापालिकेनं एअरफोर्स स्टेशनच्या १३ किलोमीटरच्या आत मटण-चिकनची दुकानं आणि हॉटेलात नॉनव्हेज बंद ठेवलं होतं. उरलंसुरलं मांस उघड्यावर पडलं की घारी जमतात, आणि घार इंजिनात गेली तर पायलटच्या जिवाशी खेळ. कारण शंभर टक्के पटण्यासारखं, पण सकाळी रेल्वे स्टेशनवरच बिर्याणीची चौकशी केलेल्या माणसाला इडलीवर बसवणं अवघड. "आपल्या घारी बऱ्या, कुणाचं ताट काढून घेत न्हाईत," म्हणाले आणि तिसरी प्लेट मागवली.

हेब्बाळच्या पुढं ट्राफिक असला की विचारू नका. तिकीट आम्ही ऑनलाईन काढलं होतं, नुसतं उड्डाणं बघायचं एडीव्हीए म्हणतात ते, १००० रुपये. प्रदर्शनात फिरायचं तिकीट २५०० चं, ते परवडलं असतं तरी मला नको होतं, उभी विमानं बघायला मी आलोच नव्हतो. सावली नाही, त्यामुळं टोपी पाहिजेच, पण टोपीची चोच कॅमेऱ्याला लागते म्हणून ती उलटी घालायची आणि मग मानेऐवजी कपाळ भाजून घ्यायचं. पाणी, भडंग आणि जादा बॅटरी. स्टँड नेऊ नका, गर्दीत लोकांच्या पायात येतो आणि वर बघायला तर काहीच कामाचा नाही.

पहिली गोष्ट आवाजाची. विमान किलोमीटरभर लांब असेल तर आवाज आपल्यापर्यंत यायला जवळजवळ ३ सेकंद लागतात, तेवढ्यात जेट कुठल्या कुठं गेलेलं असतं. सगळी गर्दी आवाज येतो तिकडं माना वळवते आणि तिथं नुसतं आभाळ. आवाजाच्या पुढं बघायचं, विमान तिथं असतं. दाजींना हे सांगितल्यावर ते माझे स्पॉटर झाले, मी डोळा व्ह्यूफाईंडरला लावून आणि ते शेजारनं "डावीकडं, डावीकडं, खाली, आलं आलं!" बांधावरनं पाखरं हाकणाऱ्या माणसाची नजर आहे ती, ठिपका सुद्धा सोडत नाही.

दुपारी धावपट्टीवरचे फोटो काढायच्या फंदात पडू नये. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते आणि विमान पाण्यात बघितल्यासारखं वाकडंतिकडं येतं, लाखाची लेन्स लावली तरी तेच. म्हणून टेकऑफ डोळ्यानं बघायचा आणि विमान वर चढून वळायला लागलं, पाठ दाखवायला लागलं की बटण दाबायचं. आभाळ उजेडी असतं, त्यामुळं कॅमेरा फसतो आणि विमान काळंकुट्ट येतं, एक्सपोजर (फोटोचा उजेड) पाऊण-एक स्टॉप, म्हणजे पाऊण-एक पायरी, वर ठेवलं की पोटाखालचे पत्रे, रिव्हेटच्या ओळी दिसायला लागतात. जेटला शटर १/१२५० सेकंदाच्या पुढं. पण हेलिकॉप्टर आणि पंख्याच्या विमानाला तेच ठेवलं की पाती जागच्या जागी गोठतात आणि हेलिकॉप्टर दोरीला टांगल्यागत दिसतं. तिथं १/२०० वर उतरायचं, निम्मे फोटो हलणार, हलू देत. एअरफोर्सच्या सारंग या कसरतीच्या टीमची ध्रुव हेलिकॉप्टरं मात्र त्या वर्षी नव्हती, जानेवारीत पोरबंदरला कोस्टगार्डचं ध्रुव पडल्यावर सगळी ध्रुव जमिनीवर होती.

त्या वर्षी रशियाचं सुखोई ५७ आणि अमेरिकेचं एफ ३५ दोन्ही एकाच ठिकाणी आली होती, पेपरवाल्यांना तेच हवं होतं. मला आवडलं ते सुखोई ५७ उडताना, एवढं मोठं धूड हवेत जवळजवळ थांबून नाक वर करतं आणि तिथल्या तिथं फिरतं. इथं ३ फोटोंचा कॅमेरा सुद्धा पुरतो, कारण विमानच तुमच्यासाठी थांबलंय. अशी जागा ओळखणं हीच किट लेन्सवाल्याची कमाई. उलट एअरफोर्सच्या सूर्यकिरण या कसरतीच्या टीमची दोन हॉक विमानं समोरासमोरून येऊन एकमेकाला ओलांडतात ना, तिथं बटण दाबून धरून काही उपयोग नाही. ताशी ५०० चा वेग धरला तरी दोन फोटोंच्या मधल्या वेळात त्यांच्यातलं अंतर ९० मीटरनं बदलतं, आणि हॉक विमान आहे जेमतेम १२ मीटर लांब. एकच क्लिक, अंदाजानं. लागला तर लागला, माझा नाही लागला.

सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं, मुक्काम बिदरला. पंखाला पंख लावून, पाचेक मीटरवर उडतात. त्यांच्यासाठी मी २५० काढून १८-५५ लावली, शेजारचे लांब लेन्सवाले बघत राहिले, पण नऊ विमानं आणि मागचा सगळा धूर बसवायचा तर रुंद लेन्सच लागते. आणि १४ फेब्रुवारी म्हणून असेल नसेल, आभाळात धुराचा मोठा बदाम काढला की गर्दीनं जो काय गलका केला! दाजींनी लगेच ताईला व्हिडिओ कॉल लावला. ताई म्हणाली, "ते विमानवाले काढतायत, तुम्ही काय केलंत?" दाजी गप्प.

घरी येऊन लॅपटॉपवर टाकले तर निम्म्या फोटोंत निळ्या आभाळात त्याच त्याच जागी बारीक काळे डाग. सेन्सरवरची धूळ. घाटावर घारी काढताना मागं झाडं असायची म्हणून दिसत नव्हती, स्वच्छ आभाळात लेन्सचं भोक एफ ८ इतकं बारीक केलं की सगळी बाहेर येते. एक एक डाग बसून पुसला. क्रॉप करून सुखोईचा सगळ्यात चांगला फोटो २००० पिक्सेल रुंद उरला, म्हणजे छापला तर साडेसहा इंचापर्यंत चालेल.

हे दाजींना सांगितलं तर म्हणतात, "मग बेदाण्याच्या बॉक्सवर बसतंय की!" मी म्हटलं दाजी, लढाऊ विमान आणि बेदाण्याचा काय संबंध? "माल एक्स्पोर्टचा वाटतोय वो." आता डिझाईनवाला मला फोन करून मूळ फाईल मागतोय.