देऊळ हललं होतं

भंडारा-गोंदियातले मामा तलाव जुन्या नकाशांशी ताडून बघणं हे माझं काम. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, गेली आणि कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव सरकारकडे आले. नवेगाव बांधासारखा मोठा तलाव कुणी विसरत नाही. बोड्यांचं, म्हणजे लहान तळ्यांचं, मात्र तसं नाही, काही तर फक्त नकाशावरच उरल्यात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना, मैलाला एक इंच मापाचा नकाशा संगणकावर आजच्या नकाशाशी जुळवून बसवत होतो. देवळाच्या खुणेशेजारी पाळीच्या, म्हणजे बोडीच्या मातीच्या बांधाच्या, बारीक काळ्या रेघा, त्यांवर ‘६ आर’. म्हणजे पाळ आजूबाजूच्या जमिनीहून ६ फूट उंच. टेकडी, रस्त्याचा फाटा, विहीर, सगळं जागेवर बसलं. देऊळ तेवढं १८० मीटर चुकत होतं. कागदावर जेमतेम तीन मिलिमीटर! जुन्या मोजणीदाराचा हात हलला असेल असं धरून मी आजच्या देवळापाशी बोडी टाकली आणि गावात गेलो.

तिथे नुसत्या धानाच्या बांध्या. पाळीचा मागमूस नाही. मी ‘बोडी नष्ट’ लिहिणार, तेवढ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटणाऱ्या ढिवर समाजातल्या आजींनी हटकलं, “काय पायतेस बाबू?” नकाशा दाखवला, देवळाशेजारची बोडी शोधतोय म्हणालो.

“हे देऊर मंग बांधलं जी. आंधी पारीवरच होतं.”

पार म्हणजे पाळ; इथल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. आजी चिखलातूनच पुढे निघाल्या, मी मागे. रस्त्यापलीकडे मोहाची चार झाडं एका ओळीत, खाली कमरेएवढा मातीचा उंचवटा. गवत बाजूला सारलं तर जुन्या देवळाचा दगडी चौथरा. मोबाईलवर जागा घेतली. देऊळ सोडून बाकीच्या खुणांवर बसवलेल्या नकाशात बोडी नेमकी इथेच येत होती. मोजणीचं प्लेन टेबल (तिपाईवरचा नकाशाफळा) खांद्यावर घेऊन उन्हातान्हात पायी फिरलेल्या त्या माणसाची मोजणी बरोबर होती, आणि मी कार्यालयात बसून त्याला चूक ठरवलं होतं. फार वाईट वाटलं.

नकाशावर बोडीला नाव नव्हतं. आजींना विचारलं.

“हिवराची बोडी,” त्या म्हणाल्या. तिथेच उभं राहून नोंदीत नाव भरलं.