एफईचा अभ्यास, मुलुंडच्या घरी

सिव्हिल करून एमएसला अमेरिकेला निघालेल्या ज्युनिअर्सना माझं एकच सांगणं असतं: एफई, म्हणजे फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग ही परीक्षा द्या, आणि अभ्यास इथूनच सुरू करा. मी सुट्टीत मुलुंडला आले होते तेव्हा घरीच अभ्यास केला, मग तिकडे जाऊन परीक्षा दिली. पास झाले.

तिकडे प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे पीई, व्हायची ही पहिली पायरी. ११० प्रश्न, सोडवायला ५ तास २० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा गेट परीक्षेच्या सवयीने प्रश्न कोरे सोडू नका. सूत्रं पाठ करायची गरज नाही. परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचं हँडबुक स्क्रीनवर समोर असतं आणि त्याची पीडीएफ आधीच फुकट मिळते. कुठलं सूत्र कुठल्या प्रकरणात आहे, हे मात्र शोधत बसावं लागता कामा नये. आपला कॅसिओ एफएक्स-९९१ कॅल्क्युलेटर चालतो. जड जातात ती एककं. किप म्हणजे हजार पौंड बल, केएसआय म्हणजे दर चौरस इंचाला किप. किलोन्यूटनमध्ये सोडवून शेवटी बदलत बसलात तर वेळ पुरत नाही. पहिल्यापासून किपमध्येच सोडवा.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एथिक्सच्या मोजक्या प्रश्नांनी. क्लायंट म्हणतो, अहवालातली अमुक ओळ काढा. तुम्ही काय कराल?

हा प्रश्न मी बाबांना वाचून दाखवला. बाबा स्ट्रक्चरल इंजिनिअर, महापालिकेचं लायसन्स आहे, जुन्या इमारतींचं ऑडिट करतात. ते म्हणाले, "अगं, हे तर माझं रोजचंच आहे." एका सोसायटीत तळमजल्याच्या कॉलमचं लोखंड गंजून फुगलं होतं, काँक्रीट सुटत होतं. कमिटी म्हणाली, साहेब, जरा सौम्य लिहा, सी-१, म्हणजे अतिधोकादायक, असा शेरा आला तर घरं रिकामी करावी लागतील. बाबांनी त्याच दिवशी टेकू लावायला सांगितले आणि सी-१च लिहिलं. त्या कमिटीने पुन्हा त्यांना बोलावलं नाही.

सीएसएमटीबाहेरचा हिमालय हा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला पडला. ऑडिटमध्ये त्याला फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. अमेरिकेत इंजिनिअरला लायसन्स लावणारं पहिलं राज्य वायोमिंग, १९०७ सालचं. बाबांसारखं महापालिकेचं लायसन्स सोडलं, तर आपल्याकडे डिग्री मिळाली की माणूस इंजिनिअर. सही करणाऱ्याने काय नाकारायचं, हे आम्हाला कुठल्याच पेपरात कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझं हे मत ठाम आहे.

आता चार वर्षांचा अनुभव, मग पीई. मला पुलांच्या तपासणीतच काम करायचंय.

किपमध्ये सोडवलेल्या गणितांच्या माझ्या वह्या मुलुंडलाच आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी खुशाल घेऊन जाव्यात. मेकॅनिकलवाल्यांनाही स्टॅटिक्सची वही उपयोगी पडेल.