छाटणीच्या दिवशी आजोबांनी विचारलेलं

वृद्धाश्रमाच्या बागेतली झाडं सांभाळणं हे माझं काम. सफरचंदांची छाटणी आम्ही हिवाळा सरत आला की करतो, झाड झोपेत असताना, कळ्या उमलायच्या आधी. ख्रिस्ती उपवासकाळही तेव्हाच सुरू होतो. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून घ्यायची आणि त्याच आठवड्यात कात्रीला धार लावायची, असं माझं वर्षानुवर्षं चालत आलंय. तरी त्या दिवसापर्यंत या दोन गोष्टींचा एकमेकींशी नेमका काय संबंध आहे, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्याकडच्या एका आजोबांची बायको पानगळीत गेली. तेव्हापासून ते खोलीबाहेर पडत नव्हते, रविवारच्या उपासनेलाही येत नव्हते. त्या सकाळी काठी टेकत बागेत आले आणि एका झाडापाशी थांबले.

"पोरी, हे मेलंय ना?"

मी नखानं फांदीची साल जराशी खरवडली. वरचा करडा पापुद्रा निघाला आणि खाली ओला, हिरवा थर दिसला. मग त्यांना कळी दाखवली. पान गळतं तिथे देठाचा बारीक व्रण राहतो आणि त्याच्या अगदी वर कळी बसलेली असते. ती वसंतात तयार होत नाही. मागच्या उन्हाळ्यात, झाड पानांनी भरलेलं असतानाच झाडानं ती घडवून ठेवलेली असते. शिवाय तिला थंडी लागतेच. सफरचंदाच्या बहुतेक जातींना काही शे तासांची, काहींना हजाराहून जास्त तासांची थंडी मिळाली नाही, तर कळ्या धड उमलत नाहीत. म्हणजे हिवाळा वाया जात नाही, आजोबा, असं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बायबलमधला ईयोबाचा चौदावा अध्याय वाचलायस?"

वाचला होता. तोडलेल्या झाडालाही आशा असते, पाण्याच्या नुसत्या वासानं त्याला धुमारे फुटतात, असं दुःखानं पिचलेला ईयोब म्हणतो. पण तो तिथे थांबत नाही. माणूस मेला की मग तो कुठे असतो, हा त्याचा पुढचा प्रश्न.

"झाडाचं कळलं," आजोबा म्हणाले. "तिचं सांग."

शोकात असलेल्या माणसाला 'हिवाळ्यानंतर वसंत येतोच' असं सांगणं फार सोपं असतं. मला ते त्या क्षणी तोंडातून काढवेना. मी क्रेट उलटा करून त्यांच्या शेजारी बसले आणि मला खरोखर जे वाटतं ते सांगितलं. हे झाड मेलेलंच नव्हतं, आजी मात्र खरंच गेल्या. म्हणून झाड त्यांच्याबद्दल साक्ष देऊ शकत नाही. माझी आशा वसंतावर नाही, रविवारी पहाटे रिकाम्या सापडलेल्या येशूच्या कबरेवर आहे. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ईस्टर, म्हणजे येशू पुन्हा उठल्याचा सण, शरद ऋतूत येतो. तिथली मंडळी पानं गळत असताना 'प्रभू उठला आहे' म्हणतात आणि त्यात तसूभरही खोटं नसतं.

"मग ही झाडं बघून माझा काय फायदा?"

प्रश्न रास्त होता. मला बायबलमधला नोहा आठवला. जलप्रलय ओसरल्यावर देवानं शब्द दिला, की पृथ्वी आहे तोवर पेरणी नि कापणी, थंडी नि ऊन, उन्हाळा नि हिवाळा थांबणार नाहीत. आपण काही चांगलं केलं म्हणून दिलेला हा शब्द नव्हे, माणसाचं मन वाईटाकडे झुकतं हे त्याच वचनाच्या आधी सांगून दिलेला. दरवर्षी कळी फुगते तेव्हा तो शब्द पाळला जातोय एवढंच मला दिसतं, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. ज्यानं हा शब्द पाळला, त्याचा दुसरा शब्दही, मेलेले उठतील हा, मी धरून राहू शकते. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, करिंथकरांना, लिहिलेल्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटलंय. बागेत काम करणाऱ्याला ते समजावून द्यावं लागत नाही. पहिलं फळ हातात आलं की मागून येणारा हंगाम त्याच झाडावर असतो.

आजोबा बराच वेळ फांदीवरून अंगठा फिरवत राहिले.

"दिवसा पटतं गं," ते म्हणाले. "रात्री नाही पटत."

मी त्यांना पटवत बसले नाही. येशू मेला तो शुक्रवार आणि उठला तो रविवार यांच्या मध्ये त्याच्या शिष्यांनाही एक अख्खा शनिवार काढावा लागला होता. आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली, आजींचं नाव घेऊन. मग त्यांनी कात्री मागितली. कुठे कापायचं ते मी दाखवलं: बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या कळीच्या किंचित वर, तिरकं. हात थरथरत होता, पण काप स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवशी ते काटक्या गोळा करायला स्वतःहून आले. रात्री झोप लागली नाही, म्हणाले. पाळकसाहेबांना निरोप मात्र माझ्याकडेच दिला: ईस्टरच्या उपासनेत करिंथकरांच्या पत्रातलं वाचन त्यांना करायचंय, आणि पुस्तक मोठ्या अक्षरांचं हवंय.