मोबाइलवरचं ठिकाण आणि बोटीतला प्लॉटर

मी गोव्यात मांडवी नदीतून पर्यटकांची बोट चालवतो. ऑक्टोबरअखेरची गोष्ट. ग्रँड आयलंडहून माणसं घेऊन परतत होतो, तोच परतीच्या पावसाचा ढग जमिनीकडून अंगावर आला. तेवढ्यात दुसऱ्या बोटीवरच्या मालवणच्या पोराचा फोन. "काका, इंजिन बंद पडलंय, नांगराचा दोर तळाला पुरत नाही, आठ माणसं आहेत."

त्याच्या बोटीत प्लॉटर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर बोटीचं ठिकाण दाखवणारं जीपीएस यंत्र नाही, व्हीएचएफ, म्हणजे बोटींचा रेडिओही नाही. गाण्यांसाठी स्पीकर मालकाने बसवलेत. मोबाइल आहे, मग वेगळा जीपीएस कशाला, असं मालकाचं म्हणणं. याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

पोझिशन विचारली. पोराने मोबाइलवरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचले: पंधरा, एकवीस, पंचेचाळीस, त्र्याहत्तर, चव्वेचाळीस, पन्नास. प्लॉटरला भरताना खटकलं. माझ्याकडे अंश, मग मिनिटं, आणि मिनिटांनंतर टिंब आणि तीन आकडे येतात. विचारलं, "पंचेचाळीसच्या पुढे काय दिसतंय?"

"दोन बारक्या रेघा."

म्हणजे ते सेकंद होते. 45 सेकंद म्हणजे पाऊण मिनिट, 21.750. तेच 21.450 भरलं, तर उत्तर-दक्षिण साडेपाचशे मीटरचा फरक, कारण अक्षांशाचं एक मिनिट 1852 मीटरचं. रेखांशाचीही तीच गत. दोन्ही धरून बोट आठशे मीटर चुकते. त्या पावसात पाण्याला टेकलेली पांढरी फायबरची बोट दोनशे मीटरवरून दिसत नव्हती. मदतीला निघालेल्या आणखी एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, तेच आकडे ऐकले तसे भरले आणि मोकळ्या पाण्यात घिरट्या घालत बसला. माणूस जुना, समुद्र जाणणारा. पण हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. व्हीएचएफवर त्याला दुरुस्त आकडे दिले. खलाशाने 1554 वर तटरक्षक दलालाही तेच कळवलं.

दुसरा प्रश्न वाहण्याचा. पोराची बॅटरी चार टक्क्यांवर होती, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नव्हता, पुढचा फोन लागलाच नाही. मी इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि स्वतःची बोट कशी वाहते ते प्लॉटरवर पाहिलं: दीड नॉट, म्हणजे तासाला दीड सागरी मैल, पश्चिमेकडे. फोन येऊन वीस मिनिटं झाली होती, म्हणजे ती बोट अर्धा सागरी मैल सरकली असणार. तितकं पश्चिमेला धरून गेलो. आधी लाइफ जॅकेटांचा नारिंगी रंग दिसला, मग बोट. सगळी माणसं धड होती. दोर टाकून ओढत आणलं.

मालक म्हणाला, "मोबाइलनेच वाचवलं ना?" मोबाइलने ठिकाण बरोबर दाखवलं, हे मी नाकारत नाही. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला नेटवर्क लागत नाही, तो त्यातही येतो. पण त्याच्या नकाशावर समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. खडक नाहीत, खोली नाही. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ वाळूचा पट्टा आहे, तिथे तो निळा रंग काय सांगणार? प्लॉटर बोटीच्या बॅटरीवर चालतो, अँटेना वर उघड्यावर असतो, बटणं ओल्या हातांनी दाबता येतात.

आता मालक विचारतो, मोबाइलवरचं आकडे दाखवण्याचं सेटिंग बदललं तर भागेल ना? पोराच्या मोबाइलवर मी ते बदलून दिलंय. चार टक्के बॅटरीचं आणि त्या वीस मिनिटांचं काय, हे मी त्याला दोनदा विचारलं. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि बोट रोज जाते आहे.