दिंडी उठल्यानंतरची पंढरी

एकादशीचा उपवास द्वादशीला सोडला की आमची दिंडी टेम्पोत राहुट्या भरते आणि परतीला लागते, त्यामुळे आळंदीपासून जवळजवळ २५० किलोमीटर पायी येऊनही पंढरपूर मी कधी सावकाश पाहिले नव्हते. यंदा पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबलो आणि त्रयोदशीचा अख्खा दिवस नदीकाठी फिरण्यात घालवला. एकादशीला बारी एवढी लांबली होती की कळसालाच हात जोडून मी माघारी फिरलो होतो. ती रुखरुखही सोबत होतीच.

सकाळी महाद्वार घाटावर उतरताना पहिली अडचण पायांचीच झाली. विणेकऱ्याच्या मागे, टाळांच्या ठेक्यावर आणि ठरलेल्या ओळीत इतके दिवस चाललेल्या माणसाला मोकळे चालायला सांगितले की पाऊल कुठे टाकावे तेच उमगत नाही. शेवटी पायरीवर बसलो. दोन पायऱ्या खाली एक आजी दिव्याच्या ज्योतीवर आमसुलाच्या तेलाचा गोळा धरून त्याचे थेंब भेगाळलेल्या टाचेत सोडत होत्या; थेंब टाचेवर पडताच पांढरट होऊन थिजत होता. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुझ्याबी टाचा दाव की माउली." मी संकोचाने नको म्हणालो आणि उठलो.

भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. आषाढात वरून उजनी धरणातून पाणी आले की वाळवंट आक्रसते, यंदा मात्र बरेचसे उघडे होते. दोन दिवसांपूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती आणि आता ओली लुगडी वाळत पडली होती, पत्रावळी व प्लास्टिकच्या पिशव्यांचा खच होता आणि सफाईची माणसे तो मुकाट्याने गोळा करत होती. चंद्रभागेला माय म्हणायचे आणि तिच्याच अंगावर उष्टे टाकायचे, हे आपल्याला कसे जमते कोण जाणे.

पुंडलिकाचे देऊळ नदीच्या पात्रातच आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या ज्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट फेकून थांबायला सांगितले, त्याचे दर्शन देवाच्या आधी घ्यायचे, ही वारीची रीत आहे. दरवर्षी मी ती घाईघाईने उरकत असे. यंदा ओट्यावर निवांत टेकलो आणि लक्षात आले की या गावचा सगळा मोठा परिवार देवळाच्या बाहेरच राहतो.

घाट चढून महाद्वारापाशी आलो, तेव्हा तेच पुन्हा दिसले. दाराच्या पहिल्याच पायरीला नामदेव पायरी म्हणतात. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी १३५० साली परिवारासह इथेच समाधी घेतली, असे परंपरा सांगते. समोरच चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या नामदेवांनी वेचून इथे आणल्या, अशी कथा आहे. जिवंतपणी ज्यांना आत घेतले नाही, ते मेल्यावरही उंबऱ्याबाहेरच राहिले आणि त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. त्या मे महिन्यात साने गुरुजींनी इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले होते. चोखोबांपुढे बुक्का वाहताना बारीत उभे न राहिल्याची माझी रुखरुख मला फारच किरकोळ वाटू लागली.

पुढे प्रदक्षिणा मार्गावर कुंकू, तुळशीच्या माळा, चुरमुरे, बत्तासे यांची दुकाने होती. नदीच्या अंगाला होळकरांचा वाडा आणि बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले द्वारकाधीशाचे देऊळ पाहिले. दुपारी उन्हे उतरल्यावर काठाकाठाने विष्णुपदाकडे गेलो. तिथल्या खडकावर कृष्णाची आणि गाईंची पावले दाखवतात. मार्गशीर्ष महिन्यात विठ्ठल देऊळ सोडून इथे मुक्कामाला असतो, अशी श्रद्धा असल्याने त्या महिन्यात लोक शिदोरी घेऊन येतात. म्हणजे वर्षातला एक महिना देवही बाहेरच!

तिथून गोपाळपूरची टेकडी जवळच आहे. गोपाळकृष्णाच्या देवळात जनाबाईचा संसार म्हणून जुनी भांडीकुंडी जपून ठेवली आहे. पौर्णिमेला सगळ्या पालख्या याच देवळाशी काल्याला जमतात, त्याची तयारी सुरू झाली होती. मी ओवरीत इतका वेळ बसलो, की एका पोराने मला हलवून जागे केले.

अंधार पडता पडता महाद्वार घाटावर परतलो. आजी त्याच पायरीवर होत्या.

"झालं का दर्शन?"

"बारीला उभाच नाही राहिलो, आजी. दिवसभर नुसता काठानं हिंडलो."

त्यांनी दिवा जवळ ओढला. "मग आता तरी दाव टाचा."