वाकळ भिंतीला लावत्यात व्हय?

रंकाळ्यावर सगळ्यांनी मिळून वाकळ शिवायची, म्हणून एक कॉलेजची पोरगी दुकानात पत्रक देऊन गेली. मी तेव्हा ब्लाउजला हूक लावत बसले होते. ‘घरातलं जुनं कापड आणा, त्याची गोष्ट सांगा.’ चिंध्या माझ्याकडं पोत्यानं आहेत, गोष्ट कुठनं आणू?

घरी आत्याला सांगितलं. तिनं काही न बोलता ट्रंकेतनं आईचं हिरवं इरकल काढलं. 2019 च्या पुरात आमच्या कुंभार गल्लीत पाणी आलं तेव्हा ही ट्रंक अर्धी बुडालेली. लुगड्यावर मातकट रेघ बसली ती बसलीच. निरमा झाला, लिंबू झालं, रेघ हलली नाही. “ह्येच ने,” म्हणाली, आणि स्वतःही चप्पल घालून तयार.

पदपथ उद्यानात आधी संवाद होता. माईक किंचाळायचा, कुणीतरी विविधतेवर बोलायचं, आम्ही टाळ्या वाजवायचो. खरं सांगते, मला झोप येत होती. त्यातल्या त्यात त्या पोरीनं मोबाईलवर दाखवलेला एक फोटो लक्षात राहिला. अमेरिकेत एड्सनं गेलेल्या माणसांच्या नावानं घरच्यांनी, मित्रांनी गोधडीचे तुकडे शिवले आणि 1987 साली वॉशिंग्टनच्या मैदानात अंथरले. 1,920 तुकडे, प्रत्येक 3 फूट बाय 6 फूट. आत्यानं हवेत हातानं माप धरलं. “म्हंजे माणूस निजवायच्या मापाचं,” म्हणाली. मग बराच वेळ गप्प.

नंतर जाजमावर कापडाचे थर अंथरले, वर आमचे तुकडे मांडले आणि चारी बाजूंनी बसलो. कडेनं सुरुवात करून आत सरकत जायचं. आत्याशेजारी मुझफ्फरपूरकडची एक बाई होती, नवरा शिरोलीच्या फाउंड्रीत. तिचा टाका मोहरीएवढा, आत्याचा तांदळाएवढा. झालं! “आगं बाई, आशानं दिवाळी उजाडंल,” आत्या करवादली. ती हसून म्हणाली, “चाची, हमारे यहाँ सुजनी ऐसे ही बनती है।” सुजनी म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर बारीक धावदोऱ्यानं शिवायचे, नव्या बाळाला त्यात गुंडाळायचं. आत्याची सुई थांबली. आमच्यातही बाळाला पहिल्यांदा जुन्याच लुगड्याची दुपटी लागतात, कोरं कापड नाही. “मग आसं सांग की!”

ती सोहर गुणगुणायला लागली, म्हणजे त्यांच्याकडची बाळ जन्मल्यावरची गाणी. तिचं झालं की आत्यानं पाळणा धरला. दोघींची लय काही जुळेना. हलगी घेऊन आलेल्या पोराला हात शिवशिवत होते, पण आत्यानं असं बघितलं की बिचारा नुसता बोटानं कडेवर टिकटिक करत बसला. मजा म्हणजे आत्याचा टाका हळूहळू बारीक व्हायला लागला. मी तिला तसं दाखवलं तर म्हणते, “दोरा संपत आलाय म्हनून.” रीळ समोर पडलेलं!

वाकळ पुरी व्हायला पाच रविवार लागले. मग ती काचेच्या चौकटीत लावायची टूम निघाली. आत्या उसळली, “वाकळ भिंतीला लावत्यात व्हय? आन पांघरायचं काय, काच?” लावायला भिंतही मिळाली नाही, तो भाग वेगळा. शेवटी ठेवायला म्हणून ती माझ्या दुकानात आली.

गेल्या मंगळवारी ती शिरोलीवाली लेकीला आणि दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आली. लेकीच्या ब्लाउजचं माप घेईपर्यंत बाळाला वाकळीवर निजवलं, आणि त्यानं ती भिजवली. दोघी ओशाळल्या. आत्या मात्र हसून हसून खोकायला लागली.

आज वाकळ गच्चीवर वाळत घातलीय. बाळाचा डाग गेला. पुराची रेघ आहे तशीच आहे.